नाबोथाची वाडी

अलिबागेकडच्या आमच्या गावात शेजारच्या घरी एक बेने इस्रायल आजी राहायची. गावात त्यांना अजून ‘शनवार तेली’ म्हणत. पूर्वी त्यांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असे, म्हणून हे नाव पडलं. माझ्या लहानपणी घाणा केव्हाच गेला होता, त्याची जुनी लाकडी लाट तेवढी पडवीत आडवी पडलेली असायची. आम्ही पोरं तिच्यावर ओळीनं बसायचो आणि आजी गोष्टी सांगायची. तिनं त्या तिच्या लहानपणी कीर्तनात ऐकल्या होत्या. बेने इस्रायल लोकांची मराठी कीर्तनं असत, त्यांत आख्यानं मोशेची, योसेफाची, दावीदाची.

तिच्या माजघरात एका दाढीवाल्या म्हाताऱ्याची तसबीर होती. एलियाहू हन्नबी. ‘हन्नबी’ म्हणजे संदेष्टा, देवाचा निरोप आणणारा, हे पुष्कळ पुढं कळलं, तेव्हा ते मला त्याचं आडनाव वाटायचं. त्याच्या नावानं ती मलिदा करायची : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, वर फळं. नवस फेडला की मलिदा, कुणी परगावी निघालं की मलिदा. अलिबागेजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत, तिथूनच तो आकाशात गेला, असं ती सांगायची आणि आम्हाला ते अगदी जवळचं वाटायचं. आकाशात जायला आमच्याच तालुक्यातली जागा त्यानं निवडली होती.

या एलियाहूची तिची आवडती गोष्ट मात्र रथाची नव्हती. ती वाडीची होती. “राजाला काय कमी होतं? पण त्याच्या वाड्याला लागून एका माणसाची वाडी होती. राजा म्हणाला, मला दे, मी भाजी लावतो.” इतकं बोलून ती थांबायची. आमच्यातलं कुणीतरी दर वेळी विचारायचं, “भाजी लावायला?” आणि ती म्हणायची, “हो, भाजी लावायला.” माझ्या डोळ्यांपुढं नारळ-पोफळीची आमची वाडी यायची, पाटानं सोडलेलं पाणी, कडेला आळूची पानं. मूळ गोष्टीत तो द्राक्षांचा मळा आहे, इज्रेल नावाच्या गावातला. पण आजही ती ओळ वाचताना मला पोफळीच दिसतात.

मी पुढं स्थानिक संस्थांच्या लेखापरीक्षणात नोकरीला लागले. कॅशबुकं, व्हाउचरं, साठा नोंदवह्या, मजुरांची मस्टरं यांत तीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर आजीच्या गोष्टी नेमक्या कुठं आहेत ते पाहावं म्हणून बायबलमधली हिब्रू संदेष्ट्यांची पुस्तकं वाचायला घेतली. मराठीत ती वाचता येतात याच्यामागं मोठे कष्ट आहेत. पंडिता रमाबाई मूळ भाषांतून भाषांतर करता यावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वर्षानुवर्षं त्या कामाला बसल्या. 1922 साली त्या वारल्या आणि त्यांचं संपूर्ण बायबल 1924 साली प्रसिद्ध झालं.

संदेष्टे म्हणजे भविष्य सांगणारे, अशी माझी समजूत होती. पानं उलटत गेले तसं मला वेगळंच काही दिसू लागलं. ही माणसं हिशोब मागत होती. कुणाचा बैल, किती रोज, कुणाचं पांघरूण, वजनात किती खोट. माझ्या नोकरीची भाषा होती ती.

शमुवेलाचंच बघा. त्यानं जन्मभर इस्राएल लोकांचा न्यायनिवाडा केला. लोकांनी राजा मागितला, शौल राजा झाला, आणि म्हातारा शमुवेल सगळ्यांसमोर उभा राहून विचारतो : मी कुणाचा बैल घेतला? कुणाचं गाढव घेतलं? कुणाला फसवलं, कुणाला चिरडलं? कुणाच्या हातून लाच घेऊन डोळे झाकले? सांगा, मी परत करतो. लोक म्हणतात, तू कुणाचं काही घेतलं नाहीस. चार्ज सोपवताना आम्ही ना-देय दाखला घेतो, त्याचं इतकं जुनं रूप मी दुसरीकडं पाहिलेलं नाही. पण तपासणाऱ्याची सवय जात नाही. लोकांनी राजा का मागितला होता? शमुवेलाचे दोन मुलगे, योएल आणि अबीया, बैर-शेब्यात न्यायाधीश होते आणि लाच खात होते. आपल्या या भाषणात शमुवेल त्यांच्याबद्दल एवढंच म्हणतो की माझे मुलगे तुमच्यातच आहेत. बैलाचा हिशोब देतो, गाढवाचा देतो, मुलांचा देत नाही. लिहिणाऱ्यानं मात्र चार अध्याय आधीच मुलांची लाच नोंदवून ठेवली आहे. तोच शमुवेल लोकांना बजावतो की राजा येईल तो घेईल : मुलगे घेईल, रथांपुढं धावायला लावील. मुली घेईल, रांधायला, भाकरी भाजायला, सुगंधी द्रव्यं करायला. शेतं घेईल, द्राक्षमळे घेईल आणि आपल्या नोकरांना वाटील. हिब्रूत तेच एक क्रियापद पुन्हा पुन्हा येतं, ‘घेणं’. शमुवेल स्वतःचा हिशोब देतो तेव्हा तेच क्रियापद. पुढं दावीद राजा आपल्याच सैनिकाची बायको आणतो तेव्हाही तेच, त्यानं तिला घेतलं.

दावीदाची ती गोष्ट बहुतेकांना माहीत असते. बथशेबा, तिचा नवरा उरीया हित्ती, त्याच्याच हाती सेनापतीला पाठवलेलं पत्र की याला लढाई जिथं जोराची तिथं पुढं ठेवा आणि मागं सरा. उरीया मेला. त्याच्याबरोबर आणखी काही शिपाई मेले, त्यांची नावं कुठंच नाहीत. दावीद सेनापतीला निरोप पाठवतो की मनाला लावून घेऊ नकोस, तलवार आज याला खाते, उद्या त्याला. मग नाथान नावाचा संदेष्टा येतो आणि राजाला एका गरीब माणसाची गोष्ट सांगतो. त्याची एक कोकरी होती. ती त्याच्या घासातला घास खायची, त्याच्या वाटीतलं प्यायची, त्याच्या उराशी निजायची. शेजारी श्रीमंत. त्याच्याकडं पाहुणा आला, त्यानं आपल्या कळपाला हात लावला नाही, ती कोकरी घेतली. दावीद संतापतो, असं करणारा माणूस मरायला योग्य आहे म्हणतो. आणि नाथान म्हणतो, तो माणूस तूच. दावीदानं नाथानाला मारलं नाही. मी पाप केलं, एवढंच तो म्हणतो. त्या काळच्या राजांमध्ये हे साधं नव्हतं.

आता वाडीकडं येते, कारण माझं मन तिथंच अडकलेलं आहे.

इ.स.पू. नवव्या शतकात उत्तरेकडच्या इस्राएलवर अहाबाचं राज्य होतं. राजधानी शोमरोन, दुसरा वाडा इज्रेलात. त्या वाड्याला लागून नाबोथाचा मळा. अहाब सुरुवातीला जुलूम करत नाही, हे लक्षात घ्यायला हवं. तो म्हणतो, याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो. व्यवहार म्हणून चोख. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन मी तुला द्यावं असं परमेश्वर न करो. त्या लोकांत जमीन ही कुळाची, ती कायमची विकायची नसते. राजा घरी येतो, पलंगावर पडतो, तोंड भिंतीकडं करतो, जेवत नाही. राणी ईजबेल, सीदोनच्या राजाची मुलगी, विचारते, इस्राएलवर राज्य तुम्हीच करता ना? उठा, जेवा. मी देते तुम्हाला तो मळा.

आणि ती कागद करते. अहाबाच्या नावानं पत्रं, अहाबाची मोहर, गावच्या वडीलधाऱ्यांना आणि प्रतिष्ठितांना. उपवासाचा दिवस जाहीर करा. नाबोथाला मानाच्या जागी बसवा. समोर दोन नीच माणसं बसवा, त्यांनी साक्ष द्यावी की यानं देवाला आणि राजाला शाप दिला. मग गावाबाहेर नेऊन दगडमार करा. दोघा साक्षीदारांशिवाय देहदंड नाही असा नियम होता, म्हणून साक्षीदार दोन. शिक्षा गावाबाहेर द्यायची, म्हणून गावाबाहेर. राजाची मोहर होती, गावची सभा होती, आरोप होता, साक्ष होती, निकाल होता, अंमलबजावणी होती. ती फाईल माझ्याकडं तपासणीला आली असती तर एकही कागद कमी निघाला नसता. मला सगळ्यात जास्त घाबरवते ती हीच गोष्ट. वडीलधाऱ्यांपैकी एकानंही उलट विचारलं नाही. त्यांनी पत्राप्रमाणे केलं आणि एका ओळीत कळवलं : नाबोथ दगडमार होऊन मेला. पुढं दुसऱ्या पुस्तकात जाता जाता उल्लेख येतो की नाबोथाच्या मुलांचंही रक्त सांडलं होतं. म्हणजे वारसही उरले नाहीत, सातबाऱ्यावर कुणाचं नाव चढवायचं हा प्रश्नच मिटला.

ईजबेल अहाबाला सांगते, उठा, नाबोथ मेला, मळ्याचा ताबा घ्या. अहाब उठतो आणि जातो. कसा मेला, हे तो विचारत नाही. पत्रांत काय लिहिलं होतं हे त्याला माहीत होतं की नाही, गोष्ट सांगत नाही. मोहर त्याची होती, एवढं सांगते.

मळ्यात त्याची गाठ एलीयाशी पडते. आजीचा एलियाहू हन्नबी तो हाच. अहाब म्हणतो, माझ्या वैऱ्या, गाठलंस का मला? एलीयाचा प्रश्न हिब्रूत तीनच शब्दांचा आहे : ‘हरात्सख्ता वगम याराश्ता’. खून केलास, आणि वर ताबाही घेतलास? क्रियापदं पुल्लिंगी, एकवचनी. पत्रं राणीनं लिहिली, दगड गावकऱ्यांनी मारले, साक्ष त्या दोघांनी दिली, पण प्रश्न ज्याची मोहर त्याला, ज्याच्या पदरात मळा पडला त्याला. खालच्यांनी केलं, मला कळू दिलं नाही, ही वाट एलीया उघडी ठेवत नाही. खुनासाठी जो शब्द तो वापरतो तो दहा आज्ञांतलाच आहे.

पुढं अहाब कपडे फाडतो, गोणपाट नेसतो, आणि शिक्षा त्याच्या मुलाच्या कारकिर्दीपर्यंत पुढं ढकलली जाते. हे मला आजही पटत नाही. बापाच्या मळ्याचा हिशोब मुलानं का चुकवावा? पण हीच परंपरा या प्रश्नावर गप्प बसली नाही. अडीचशेहून जास्त वर्षांनी बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, बंदिवासात यहेज्केल संदेष्टा उभा राहिला आणि म्हणाला की बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण यापुढं इस्राएलात चालायची नाही. ज्यानं केलं त्यानंच भोगायचं.

अहाब इतिहासात लहान राजा नव्हता. आजच्या तुर्कस्तानात कुर्ख इथं 1861 साली सापडलेली अश्शूरी राजा तिसऱ्या शल्मनेसराची शिला लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इ.स.पू. 853 मधल्या कर्करच्या लढाईचं वर्णन तिच्यावर आहे, आणि अश्शूराविरुद्ध उभ्या राहिलेल्या राजांत अहाब इस्राएली आपल्या 2,000 रथांसह आणि 10,000 पायदळासह नोंदलेला आहे. आकडा फुगवलेला असावा असं काही अभ्यासक म्हणतात. तरी शत्रूच्या दगडावर 2,000 रथ. त्याच्या स्वतःच्या लोकांच्या ग्रंथात कर्करची ती लढाईच नाही. तिथं भाजीच्या मळ्याला अख्खा अध्याय आहे.

दुसऱ्या यराबामाचंही तसंच. इ.स.पू. आठव्या शतकात त्यानं 41 वर्षं राज्य केलं, गेलेल्या सीमा परत मिळवल्या, देशात पैसा आला. राजांच्या पुस्तकात त्याला सात ओव्या मिळाल्या. त्याच्या काळात तकोव्याचा एक मेंढपाळ, उंबरांची निगा राखणारा आमोस, दक्षिणेकडच्या यहूदा राज्यातून चालत बेथेलच्या राजदेवळात आला आणि बोलायला लागला. सुरुवात त्यानं शेजाऱ्यांपासून केली : दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. मवाबावरचा आरोप तर असा की त्यानं अदोमच्या राजाची हाडं जाळून चुना केला. त्यात इस्राएलचं काहीच गेलं नव्हतं, तरी तो गुन्हा गणला. ऐकणारे माना डोलवत असणार. मग यहूदा. आणि मग इस्राएल, तेच ऐकणारे : तुम्ही निरपराध्याला रुप्यासाठी विकता आणि गरिबाला पायतणाच्या एका जोडासाठी. गहाण ठेवून घेतलेल्या वस्त्रांवर वेदीपाशी लोळता. सण कधी संपतो आणि धान्य कधी विकतो असं तुम्हाला झालेलं असतं. माप लहान करता, वजन जड करता, तराजूत खोट ठेवता आणि गव्हाची चाळणीखालची घाणही विकता. हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांचा त्यानं उल्लेख केला, आणि शोमरोनच्या उत्खननात हस्तिदंती नक्षीचे तुकडे खरोखर निघाले. दारू आणि तेल कुठून आलं याच्या नोंदी असलेली खापरंही निघाली. म्हणजे राजाच्या कोठाराचा हिशोब चोख होता. बेथेलचा पुजारी अमस्या यानं राजाला कळवलं की याचं बोलणं देशाला सोसवत नाही, आणि आमोसाला सांगितलं, तुझ्या यहूदात जा, तिथं भाकरी मिळव. हे राजाचं देऊळ आहे.

गहाण वस्त्राचा मुद्दा मला आधी किरकोळ वाटला होता. मग एका खापराबद्दल वाचलं. 1960 साली भूमध्य समुद्राच्या काठी, यावने-यामजवळच्या मेसाद हशव्याहू नावाच्या छोट्या किल्ल्यात ते सापडलं. इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरचं, शाईनं लिहिलेलं. एका कापणी करणाऱ्या मजुरानं किल्ल्याच्या अधिकाऱ्याला केलेला तो अर्ज आहे. माझ्या स्वामीनं दासाचं म्हणणं ऐकावं. मी नेमून दिलेली कापणी केली, माप घालून धान्य कोठारात भरलं. तरी शोबायचा मुलगा होशयाहू आला आणि त्यानं माझं वस्त्र घेतलं. उन्हात माझ्याबरोबर कापणी करणारे माझे सगळे भाऊ साक्ष देतील. मी निर्दोष आहे. माझं वस्त्र परत द्या. मोशेच्या नियमशास्त्रात लिहिलेलं आहे की गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं तर दिवस मावळायच्या आत परत दे, तो रात्री कशात निजेल? आमोसानं तेच देवळात ओरडून सांगितलं. आणि इथं तो माणूस स्वतः, उघड्या अंगानं, कुणाकडून तरी लिहून घेतोय. खापरावर अर्ज आहे, त्यावरचा हुकूम नाही.

त्या खापरानं मला माझ्या एका मस्टरपाशी नेलं, आणि हे लिहायला बसण्याचं कारणही खरं तर तेच आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका संस्थेच्या दप्तरात जोडरस्त्याच्या मातीकामाचं मस्टर माझ्यासमोर आलं. 53 मजूर, 53 अंगठे. शाई सगळी एका दमातली, आणि अंगठाही एकच. डाव्या कडेला रेघ तुटलेली, प्रत्येक ठशात त्याच जागी. मी आक्षेप लिहिला : सर्व अंगठे एकाच व्यक्तीचे दिसतात, मजुरीची रक्कम मजुरांना मिळालेली नाही. वरिष्ठांनी वाचलं आणि म्हणाले, “बाई, शब्द जपून वापरा. आपण पोलीस नाही.” मसुदा दोनदा परत आला. शेवटी अहवालात गेलं ते वाक्य असं : अंगठ्यांची खातरजमा करून घ्यावी. पुढच्या वर्षी अनुपालन आलं, खातरजमा केली. आक्षेप वगळला. फाईल पूर्ण.

त्याच तपासणीच्या वेळी दुपारी व्हरांड्यात एक कातकरी बाई आली होती. लेखापरीक्षणाची माणसं आली आहेत एवढं तिला कुणीतरी सांगितलं असावं. मला म्हणाली, “बाय, आमचा रोज कुनी घेतला?” मी तिला सांगितलं की मी पैसे देणारी नाही, हिशोब तपासणारी आहे. हे खरं होतं. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली.

यिर्मया संदेष्ट्याचा बाविसावा अध्याय मी निवृत्तीनंतर वाचला, तेव्हा एका ओळीपाशी पुस्तक मिटावं लागलं. यहोयाकीम हा यहूदाचा राजा, इ.स.पू. 609 मध्ये मिसरच्या फारोनं, म्हणजे इजिप्तच्या राजानं, गादीवर बसवलेला. फारोची खंडणी भरायला त्यानं लोकांवर कर बसवला आणि त्याच कारकिर्दीत स्वतःसाठी वाडा बांधायला काढला : ऐसपैस माड्या, रुंद खिडक्या, भिंतींना गंधसरूच्या लाकडाच्या फळ्या, वर हिंगुळाचा रंग. यिर्मया म्हणतो, जो अन्यायानं घर बांधतो, आपल्या शेजाऱ्याकडून फुकट काम करवून घेतो आणि त्याची मजुरी देत नाही, त्याला हाय हाय! मजूर म्हणत नाही, दास म्हणत नाही, शेजारी म्हणतो. पुढं राजाला थेट विचारतो, गंधसरूत चढाओढ केलीस म्हणून तू राजा झालास का? तुझा बाप खातपीत नव्हता का? खातपीत होता, आणि न्यायही करत होता. गरिबाचं, गांजलेल्याचं गाऱ्हाणं त्यानं निवडलं. आणि मग देवाचा प्रश्न येतो : मला ओळखणं म्हणजे हेच ना?

देवाला ओळखण्याबद्दल मी पुष्कळ ऐकलं आहे, कीर्तनांत, प्रवचनांत, घरात. एखाद्याचा रोज चुकता करणं म्हणजेच ती ओळख, असं इतक्या रोखठोक शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं. यहोयाकीमाचा बाप योशीया याच्यासमोर शाफान लेखकानं नियमशास्त्राचं पुस्तक वाचलं होतं आणि ते ऐकून योशीयानं कपडे फाडले होते. यहोयाकीमाच्या चौथ्या वर्षी यिर्मयानं आपलं सगळं बोलणं बारूख लेखकाला सांगितलं आणि त्यानं ते गुंडाळीवर उतरवलं. यिर्मयाला देवळात जायची बंदी होती, म्हणून पुढच्या वर्षी बारूखानंच ते देवळात वाचलं, शाफानचा मुलगा गमऱ्या याच्या खोलीत. बातमी वाड्यावर गेली. नववा महिना, हिवाळा. राजा शेगडीपुढं बसलेला. यहूदी नावाचा एक कारभारी वाचतोय. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखकाच्या चाकूनं तेवढा तुकडा कापतो आणि शेगडीत टाकतो. पुन्हा तीन-चार रकाने, पुन्हा शेगडीत. सगळी गुंडाळी संपेपर्यंत. तिथं कुणी घाबरलं नाही, कुणी कपडे फाडले नाहीत. तिघांनी मात्र राजाला जाळू नका म्हणून विनवलं, त्यांत गमऱ्या होता.

1982 साली यरुशलेमच्या दावीद-नगरात यिगाल शिलो यांच्या उत्खननात एका घरात मातीच्या पन्नासच्या आसपास मोहरा सापडल्या. दस्तऐवजाची गुंडाळी दोऱ्यानं बांधून वर ओल्या मातीचा गोळा लावत, त्यावर मोहर उठवत. त्यांतल्या एकीवर अक्षरं आहेत : शाफानचा मुलगा गमऱ्या याची. बाबेलच्या सैन्यानं इ.स.पू. 586 मध्ये शहर जाळलं, त्या आगीत गुंडाळ्या जळून गेल्या आणि माती भाजून पक्की झाली. जाळू नका म्हणणाऱ्याची मोहर त्या आगीनंच टिकवली.

शेगडीतल्या त्या गुंडाळीचं पुढं काय झालं हेही लिहून ठेवलं आहे. यिर्मयानं दुसरी गुंडाळी घेतली, बारूखानं पहिलीतलं सगळं पुन्हा लिहिलं, ‘आणि तशाच आणखी पुष्कळ गोष्टी तीत घातल्या’.

बोलणारे नेहमी वाचले असं नाही. यहोयाकीमाच्याच सुरुवातीच्या काळात यिर्मयाला देवळात पकडलं, याला मारा म्हणाले. तेव्हा काही वडीलधारे उठले आणि त्यांनी शंभर वर्षांपूर्वीचा दाखला दिला : मोरेशेथचा मीखा म्हणाला होता की सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखी नांगरली जाईल. हिज्कीया राजानं त्याला मारलं का? मीखानं तेव्हा सांगितलं होतं की पुढारी लाच घेऊन न्याय करतात, याजक मोल घेऊन शिकवतात, संदेष्टे पैसा घेऊन शकुन सांगतात. ते वाक्य शंभर वर्षं कुणाच्या तरी तोंडी राहिलं होतं आणि त्यानं दुसऱ्याचा जीव वाचवला. पण त्याच अध्यायात उरीया नावाचा आणखी एक संदेष्टा आहे. तो हेच बोलला, भिऊन मिसरात पळाला. यहोयाकीमानं माणसं पाठवून त्याला तिथून धरून आणलं, तलवारीनं मारलं आणि सामान्य लोकांच्या कबरस्तानात टाकून दिलं. त्याचं बोलणं कुणी उतरवून ठेवलेलं नाही. त्याचं नाव आणि बापाचं नाव मात्र आहे.

शेजारची आजी आता नाही. तिची मुलं इस्राएलला गेली, घर बरीच वर्षं बंद होतं. मागच्या पावसाळ्यानंतर मी गावी गेले तेव्हा वाडीतल्या पोफळींची तिथल्या मुलाकडून साफसफाई करून घेतली. सायंकाळी त्याचा रोज द्यायला सुटे पैसे शोधत असताना व्हरांड्यातली ती बाई पुन्हा आठवली.

मी मुंबईला परत येऊन दोनशे पानी वही घेतली आणि तो आक्षेप आठवून पुन्हा लिहिला. पहिल्या मसुद्यातलाच, बदललेला नाही. काम : जोडरस्ता, मातीकाम. मजूर : 53. अंगठा : एक, डाव्या कडेला रेघ तुटलेली. मजुरीची रक्कम मजुरांना मिळालेली नाही. वाक्य मवाळ कुणाच्या सांगण्यावरून झालं आणि कुणाच्या हातानं झालं, तेही लिहिलं, हात माझा होता. आणि त्यात पुष्कळ गोष्टी वाढल्या, ज्या तेव्हा मसुद्यात नव्हत्या : दुपारची वेळ, व्हरांड्यातली फरशी, तिच्या हातातली रिकामी पिशवी, तिनं विचारलेला प्रश्न तिच्याच शब्दांत.

मस्टरवर तिचं नाव असणार, आणि समोर दुसऱ्याचा अंगठा. माझ्या वहीत नावाचा रकाना कोरा आहे. मी तिला नाव विचारलं नव्हतं.